खगोलशास्त्रातील संशोधन : प्रवेश आणि विद्यावेतन

एम.एस्सी. झालेल्या मुलाने वा मुलीने आणखी पाच-सहा वर्षे शिकावे असे म्हटले, की पालकांच्या मनात पहिला प्रश्न खर्चाचा येतो. घरची परिस्थिती पाहता तो रास्तच आहे. परंतु नामवंत विज्ञानसंस्थांत पीएच.डी. करणारा विद्यार्थी दरमहा विद्यावेतन घेऊन संशोधन करतो. एवढे ठाऊक नसल्याने संधी सोडून देणारी गुणी मुले आम्ही पाहिली आहेत.

खगोलशास्त्रापुरते पाहिले, तर महाराष्ट्र भाग्यवान आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ उभी राहिली. तेथेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडद येथे या केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण असून तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. बंगळुरू व नैनीताल येथेही अशा संशोधन संस्था आहेत.

येथे येण्यासाठी खगोलशास्त्राचीच पदवी हवी असे नाही. बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्रातून येतात. वर्षातून एकदा होणारी ‘जेस्ट’ आणि वर्षातून दोनदा होणारी ‘नेट’ या प्रमुख परीक्षा होत. त्यानंतर मुलाखत होते. तीत पाठांतर उपयोगी पडत नाही. पदवीच्या पुस्तकांतील यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व व गणित पक्के असावे लागते. संगणकाची एखादी भाषाही शिकून घ्यावी. ‘नेट’मधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये मिळतात.

परदेशाची वाटही अशीच आहे. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन या देशांत संशोधक विद्यार्थ्याला बहुधा पगारी कर्मचारी म्हणून नेमतात. अमेरिकेत अध्यापन वा संशोधन साहाय्याच्या बदल्यात शुल्क माफ होऊन निर्वाहवेतन मिळते. जाहिरात वाचताना चार गोष्टी तपासाव्यात : पैसा कोण देणार, किती वर्षे देणार, शुल्क माफ आहे काय आणि परदेशी विद्यार्थी पात्र आहेत काय.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. देशातील संशोधनासाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती व ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे. प्रत्येकीच्या अटी व मुदती निराळ्या असतात आणि त्या बदलतातही. म्हणून जातीचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

ही तयारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून सुरू व्हावी. जे माजी विद्यार्थी या वाटेने पुढे गेले आहेत, त्यांनी दरवर्षी परीक्षांच्या तारखा शाळेला कळवाव्यात, ही विनंती. गुणवत्ता आपल्या मुलांत आहे. केवळ अर्जाची तारीख ठाऊक नाही म्हणून ती मागे राहू नये.