एका ग्लासात एक, दुसऱ्यात लाख

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणीने तुरटीचे स्फटिक करायला घेतले. तुरटी एकाच किराणा दुकानातली, पाणी नळाचं, मापही सारखं. मैत्रिणीच्या ग्लासात दोऱ्याला बोराएवढा एक सुरेख खडा धरला आणि आमच्या ग्लासाच्या तळाशी रव्यासारखा चुरा बसला. असं का व्हावं? माझे सासरे एचए (हिंदुस्थान अँटिबायोटिक्स) कंपनीत होते. ते नुसते हसले आणि म्हणाले, "बी किती पडलं ते बघा." पुढे काही बोलले नाहीत. मुलगी आता विचारते आहे, की नॅनोकण म्हणतात ते वाढायच्या आधीच थांबवलेले असेच स्फटिक असतात का?
– एक वाचक, संत तुकाराम नगर, पिंपरी

उत्तर : सासऱ्यांनी पूर्ण उत्तर दिलं आहे. ज्याने आयुष्यभर हे काम केलं त्याला एक वाक्य पुरतं. मला दोन पानं लागतील.

आधी ग्लासाचा हिशेब करू. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण १२ ग्रॅम तुरटी विरघळते, ५० अंशाला ३६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गरम पाण्यात तुरटी भरपूर विरघळवून ते निवत ठेवलं, की २४ ग्रॅम तुरटी पाण्याला जड होते. ती कधी ना कधी बाहेर पडणार. पण गंमत अशी की लगेच पडत नाही. पाणी निवतं, तुरटी जास्त झालेली असते, तरी ग्लास तासन्तास काचेसारखा स्वच्छ राहतो. पुस्तकात याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. अडतं ते सुरुवातीपाशी.

कारण असं. स्फटिकाच्या पोटातल्या कणाला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे तो घट्ट बसलेला असतो. पृष्ठभागावरच्या कणाची एक बाजू उघडी, म्हणून त्याची पकड ढिली. आता लहान गठ्ठा घ्या : तीन बाय तीन बाय तीन, एकूण २७ कण. त्यातले २६ बाहेरच्या बाजूला आणि आत फक्त एक. असला गठ्ठा टिकणार कसा? जमतो आणि विरघळतो. दहा बाय दहा बाय दहाचा केला तर हजारातले ४८८ बाहेर, ५१२ आत. इथे पारडं फिरतं. पिंपरी स्टेशनच्या शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणा. एक-दोन प्रवासी बसतात, वाट बघून कंटाळतात, उतरून चालू लागतात. पुन्हा कोणी बसतं, पुन्हा उतरतं. एका ठरावीक आकड्यापर्यंत माणसं जमली की मात्र रिक्षा सुटते, मग वाटेतही लोक चढतात. द्रावणात असे गठ्ठे सतत जमत आणि मोडत असतात. एखादा नशिबाने ठरावीक आकाराच्या पलीकडे गेला की त्याचं बीज होतं. त्यानंतर त्याला फक्त वाढायचं असतं.

नशिबाची वाट बघायची नसेल तर आयता आधार लागतो. धुळीचा कण, काचेवरचा चरा, सुती दोऱ्याचा तंतू, ग्लासाच्या काठावर वाळलेली तुरटीची पापडी, यांवर बीज सहज धरतं. आणि द्रावण झपाट्याने गार केलं तर आधाराचीही गरज उरत नाही. जास्तीची तुरटी एकदम इतकी होते की सगळीकडे एकाच वेळी बिया पडतात. तुम्ही ग्लास फ्रिजमध्ये ठेवला असणार असा माझा अंदाज आहे. नाहीतर पंख्याखाली.

पुढचं गणित सोपं आहे. त्या २४ ग्रॅमवर एकच बीज पोसलं तर साधारण अडीच सेंटिमीटरचा खडा होतो. चांगलं मोठं बोर. तेवढीच तुरटी एक लाख बियांनी वाटून घेतली तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव मिलिग्रॅमही येत नाही. तेवढा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा भरतो, म्हणजे जाडा रवा. तुमच्या ग्लासात झालं ते इतकंच. माल दोघींचा सारखाच होता, खाणारी तोंडं वेगळी होती.

मीही हे एकदा करून बसलो आहे. ग्लास कोणाच्या हाताला लागू नये म्हणून फ्रिजच्या डोक्यावर ठेवला होता. कॉम्प्रेसर सुरू झाला की फ्रिज थरथरतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. हादऱ्यानेही बिया पडतात. सकाळी तळाला चुरा होता.

आता सासऱ्यांच्या कंपनीकडे येऊ. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. सरकारी क्षेत्रातली ती देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. (तिथल्या संशोधकांना हॅमायसिन हे औषध ज्या सूक्ष्मजीवात सापडलं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जीवशास्त्राच्या लॅटिन यादीत पिंपरी आहे, हे पिंपरीतल्याच किती जणांना माहीत असेल?)

पेनिसिलिन बुरशी तयार करते, पण ज्या रसात तयार करते त्यात इतर शंभर गोष्टी असतात. तो रस गाळायचा, थंड आणि आंबट करून पेनिसिलिन एका द्रावकात ओढून घ्यायचं आणि मग त्याचं पोटॅशियम किंवा सोडियमचं लवण स्फटिकरूपात पाडायचं, ही सर्वसाधारण रीत. एवढा खटाटोप स्फटिकासाठीच का? कारण स्फटिकाएवढा कडक द्वारपाल दुसरा नाही. त्याच्या भिंतीत विटा एकाच मापाच्या बसतात. वेगळ्या आकाराचा रेणू आला तर तो बाहेरच राहतो. सुरुवातीच्या काळातलं पेनिसिलिन म्हणजे पिवळसर भुकटी होती. हवेतला ओलावा धरायची, थंडाव्यात जपावी लागायची. १९४३ साली अमेरिकेत त्याचं सोडियम लवण स्फटिकरूपात मिळालं, आणि ते पांढरं, कोरडं, टिकाऊ निघालं. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी अशाच स्फटिकांवर क्ष-किरण सोडून रेणूची रचना उलगडली. 'क्रिस्टलाइन पेनिसिलिन' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला तो तेव्हाच्या पिवळ्या भुकटीपासून वेगळेपण सांगायला. दहा लाख युनिटच्या बाटलीत पेनिसिलिनचं लवण भरतं जेमतेम ०.६ ग्रॅम.

औषधाच्या कारखान्यात तुमच्यासारखा चुरा पडला तर फक्त हळहळून भागत नाही. स्फटिक पडून झाल्यावर जे द्रावण मागे राहतं त्याला तिथले लोक मदर लिकर म्हणतात. सगळी अशुद्धी त्यात असते. दाणे बारीक असतील तर त्यांच्या फटींतून हे मदर लिकर निघता निघत नाही. गाळणी तुंबते, सेंट्रिफ्यूजमध्ये माल चिकटतो, धुवायला जावं तर धुण्यात निम्मा विरघळतो. म्हणून गार करण्याचा वेग बांधलेला असतो आणि नेमक्या क्षणी आधीच्या मालातले थोडे दाणे मुद्दाम आत सोडतात. हेच सीडिंग. लवकर सोडले तर विरघळून जातात. उशीर झाला तर तोवर द्रावणाने स्वतःच्या लाखो बिया पाडलेल्या असतात. सासरे ज्याला 'बी' म्हणाले ते हे.

साखर कारखान्यातही हीच रीत. तुमच्या नगराच्याच नावाचा, कासारसाईचा संत तुकाराम सहकारी साखर कारखाना फार लांब नाही. गळीत हंगामात असल्या कारखान्याच्या पॅनजवळ उभं राहून बघा. पॅनमध्ये निर्वात करून रस कमी उष्णतेवर आटवतात, योग्य घट्टपणा आला की साखरेच्या अगदी बारीक भुकटीचं बी सोडतात, आणि पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात दाणा बघत राहतो. त्याचा हात चुकला तर मध्येच नवा बारीक दाणा पडतो. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात आणि ते नाव शिवीसारखं उच्चारतात. वाण्याकडची एस-३० आणि एम-३० यांच्यातला फरक दाण्याच्या आकाराचाच. खडीसाखर म्हणजे त्याच साखरेला दोरा आणि सवड देऊन केलेला मैत्रिणीचा ग्लास.

चुरा नेहमीच वाईट, असं मात्र नाही. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत जाल तर तिथे उलटी हौस. ॲल्युमिनियमचा रस साच्यात थिजतो तेव्हा तोही स्फटिकच होत असतो, आणि तिथे दाणे जितके बारीक तितकं कास्टिंग मजबूत, तडे कमी. म्हणून ओतण्याआधी रसात टायटॅनियम-बोरॉन असलेल्या कांडीचा तुकडा टाकतात. त्याने बिया हव्या तेवढ्या पडतात.

आता मुलीचा प्रश्न. उत्तर बरंचसं 'हो' असं आहे, थोडं दुरुस्त करून. सगळे नॅनोकण स्फटिक नसतात. दुधातले केसिनचे कण शे-दोनशे नॅनोमीटरचे असतात, पण ते स्फटिक नव्हेत. सोन्याचे, चांदीचे नॅनोकण मात्र खरोखरच वाढ रोखलेले स्फटिक.

ते करण्याची युक्ती फाउंड्रीसारखी आहे, फक्त टोकाला नेलेली. १९५१ साली तुर्केविच आणि सहकाऱ्यांनी रुळवलेली रीत आजही प्रयोगशाळांत चालते. सोन्याच्या क्षाराचं उकळतं पाणी घ्यायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं, म्हणजे लिंबाच्या आम्लाचं लवण. काही मिनिटांत फिकट पाणी आधी करडं-निळसर आणि मग रेड वाइनसारखं लालभडक होतं. सायट्रेट आधी सोन्याच्या आयनांचे अणू करतं. अणूंची गर्दी इतकी वाढते की बियांचा एकच पाऊस पडतो. त्यासरशी गर्दी ओसरते आणि नव्या बिया पडणं थांबतं. पडलेल्या बिया उरलेला माल वाटून घेत सारख्याच वाढतात. जन्म एकदम आणि वाढ सावकाश, हे चित्र लामर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कणांवरून मांडलं. माल संपला की वाढ थांबते, आणि सायट्रेट कणाच्या अंगाला चिकटून कण एकमेकांना चिकटू देत नाही. एका कणाची रुंदी साधारण २० नॅनोमीटर आणि त्यात सोन्याचे सुमारे अडीच लाख अणू. आपला केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. तो लाल रंग कणाच्या आकाराचा आहे, तेच कण गोळा होऊन बसले की पाणी निळं पडतं. (मुतखडा झालेल्याला डॉक्टर लिंबूपाणी प्यायला सांगतात तेही याच सायट्रेटसाठी. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि खड्याचे स्फटिक वाढू देत नाही.)

पुण्यात याहून सुरस काम झालं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या क्षारात गवती चहाच्या जातीच्या पातीचा काढा घातला. उष्णता नाही, वेगळं रसायन नाही. कण गोल यायला हवे होते, तर त्यात भरपूर आले ते सपाट त्रिकोण! २००४ मध्ये हे 'नेचर मटेरिअल्स'मध्ये छापून आलं. त्यांनी काढलेला अर्थ असा, की आधी इवले गोल कण होतात, ते द्रवासारखे मऊ वागतात, एकत्र येतात आणि साध्या तापमानालाच सांधले जाऊन त्रिकोण होतात. म्हणजे एकेक अणू चढत स्फटिक वाढतो ही शाळेतली गोष्ट दरवेळी खरी नसते, कधी तयार विटांऐवजी तयार खोल्याच जोडल्या जातात. पावसाळ्यात चहात पडणारी पाती हे करू शकते, याचं मला आजही नवल वाटतं.

थांबवलेला स्फटिक कायम थांबून राहीलच असंही नाही. बारीक कणाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो लवकर विरघळतो, आणि सुटलेला माल शेजारच्या मोठ्यावर जाऊन बसतो. मोठे वाढतात, लहान नाहीसे होतात. ओस्टवाल्ड यांच्या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते, पण तुम्ही ती घरी चाखली आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आइसक्रीम थोडं पाघळतं, वीज आल्यावर पुन्हा गोठतं आणि दाताखाली बर्फाची कचकच लागते. बर्फाच्या बारीक कण्या मोठ्यांनी खाल्लेल्या असतात.

मुलीला सांगा, तळाचा चुरा फेकू नकोस. त्यातला कडा नीट असलेला एक दाणा निवडून ठेव. तुरटीचा धड स्फटिक आठ बाजूंचा असतो, दोन पिरॅमिड पायाला पाया लावून जोडल्यासारखा. बाकीचा चुरा त्याच पाण्यात गरम करून विरघळव आणि स्वच्छ फडक्यातून गाळ. पाणी पूर्ण निवलं, की निवडलेला दाणा नायलॉनच्या बारीक तारेला बांधून मधोमध लटकव. सुती दोरा नको. वर कागद झाकून ग्लास कपाटाच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर राहू दे, मध्येच उचलून बघायचा नाही. गोड लागतो का हेही बघायचं नाही.

आणि सासऱ्यांना माझ्या वतीने एक विचारा. एचएत बी सोडायची वेळ झाली, हे ते थर्मामीटर बघून ठरवायचे की नुसत्या डोळ्यांनी? काय म्हणतात ते जरूर कळवा.