ग्रंथसूचीतील ऱ्हस्व-दीर्घ

ग्रंथालयात कार्डांचे खण होते तेव्हा वाचकाचे शुद्धलेखन थोडेफार चुकले तरी फारसे अडत नसे. 'माडगुळकर' शोधावयास गेलेल्याच्या बोटांखालून दोन-चार कार्डे सरकली की 'माडगूळकर' आपसूक सापडत. संगणकावरील सूचीत ही शेजारची कार्डे नाहीशी झाली. उकार ऱ्हस्व पडला की पडद्यावर 'एकही नोंद आढळली नाही' एवढेच वाक्य उमटते आणि 'बनगरवाडी' कपाटात असूनही वाचक रिकाम्या हाताने परततो. 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात काम करताना असे परतणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. अशा वेळी 'आपणांस माडगूळकर म्हणावयाचे आहे काय?' असे यंत्राने विचारले तर काम भागते. मराठीत ही सोय कशी करावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली दोन शब्दांतील अंतर मोजण्याची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे अंतर. 'माडगुळकर' व 'माडगूळकर' यांत ते एक भरते. त्याआधी १९६४ साली फ्रेडरिक डॅमराऊ यांना तपासलेल्या इंग्रजी शब्दांत ८० टक्क्यांहून अधिक चुका अशा एकेरीच आढळल्या होत्या. शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल त्यांनी एकच चूक धरली होती. इंग्रजीचे काम एवढ्यावर बरेच भागते.

मराठीचे भागत नाही. इंग्रजी कळफलकावरून मराठी लिहिणारा विद्यार्थी 'ज्ञानेश्वरी'ऐवजी सहज 'द्न्यानेश्वरी' लिहितो. कानाला फरक शून्य. यंत्राच्या हिशेबी मात्र अंतर चार, कारण 'ज्ञ' म्हणजे त्याच्या लेखी ज, हलन्त चिन्ह आणि ञ अशी तीन चिन्हे! म्हणून आधी उच्चाराकडे वळले पाहिजे. नावे उच्चारानुसार लावण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ सालीच घेतले होते. त्याच धर्तीवर सूचीतील प्रत्येक शब्दामागे एक 'चावी' ठेवावी असे मला वाटते. चावीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसावा, अनुस्वार गाळावा, न-ण व श-ष एक मानावेत, 'द्न्य' हा 'ज्ञ' समजावा. वाचकाच्या शब्दाचीही तशीच चावी करून दोन्ही ताडून पाहाव्यात. मूळ नोंदीला मात्र हात लावू नये. ग्रंथनाम शीर्षकपृष्ठावर जसे छापले तसेच नोंदवायचे असते. हरिभाऊ आपट्यांच्या जुन्या आवृत्तीवरील 'लक्षांत' हा सानुस्वार शब्द १९६२ सालच्या लेखनविषयक नियमांप्रमाणे 'लक्षात' होतो. चावी एकच असल्याने दोन्ही आवृत्त्या हाती लागतील.

यात एक धोका आहे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'रग' आणि 'रंग' यांच्या चाव्याही एकच होतील. म्हणून यंत्राने परस्पर शब्द बदलू नये, फक्त सुचवावे. सुचविलेला शब्दही शब्दकोशातला नव्हे, आपल्याच सूचीतला असावा. कोशात आडनावे कोठून असणार? शिवाय ज्या शब्दाखाली एकही पुस्तक नाही तो सुचवून वाचकाची दुसऱ्यांदा निराशा करण्यात काय हशील?

ही सूचना केवळ शोध निष्फळ ठरल्यावरच दाखविण्याचा प्रघात मला अपुरा वाटतो. नोंदी करणारीही माणसेच. समजा, एका लेखकाची दहा पुस्तके दीर्घ उकाराने आणि दोन ऱ्हस्व उकाराने नोंदली गेली आहेत. ऱ्हस्वाने शोधणाऱ्यास दोन पुस्तके मिळतात, यंत्र समाधानाने गप्प बसते आणि ग्रंथालयात एवढीच आहेत असे समजून तो निघून जातो. शून्य पाहणारा निदान काउंटरवर चौकशी तरी करतो, हा तेवढीही करीत नाही. तेव्हा चावी जुळणारे दुसरे रूप सूचीत असेल, तर काही सापडले असतानाही ते पुस्तकांच्या संख्येसह खाली दाखवावे : 'माडगूळकर, १० पुस्तके'.