मूट कोर्ट की तालुका कोर्ट?

प्रश्न : तीन वर्षांच्या एलएलबीला आहे. मूटच्या स्पर्धा करू की वकिलांकडे बसू?

उत्तर : आधी वकिलांकडे बसा. मूटमध्ये वस्तुस्थिती छापून हाती येते. खऱ्या दाव्यात ती पक्षकाराच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या सातबाऱ्यातून, फेरफारातून शोधावी लागते. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांतही प्रात्यक्षिकाच्या पेपरात मूटला 100 पैकी 30 च गुण आहेत. तेवढेच खटल्यांच्या निरीक्षणाला, तेवढेच पक्षकाराची मुलाखत व पूर्वतयारीला. शिवाय किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप. ‘तालुका कोर्टात नुसत्या तारखा पडतात’ ही तक्रार खरी आहे. पण तारीख का पडली, समन्स बजावलं गेलं नाही की साक्षीदार आला नाही, हे रोजनाम्यात वाचणं हेच तर शिक्षण. मूट मात्र सोडू नका. न्यायाधीशांनी मध्येच अडवल्यावर युक्तिवाद सावरण्याचा सराव विद्यार्थ्याला दुसरीकडे मिळत नाही.