इंजिनाच्या इंधननळीची निवड

इस्लापूर परिसरात ज्या शेतकऱ्यांकडे तेलइंजिने आहेत, त्यांचे सर्व लक्ष पंपाकडे व पिस्टनकडे असते. टाकीतून तेल आणणारी हातभर नळी मात्र फुटेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी इंजिन बंद पडले म्हणजे मिळेल ती नळी बसविली जाते, आणि ती बहुधा गवंडीकामातील पारदर्शक लेव्हलनळी असते.

अशी नळी आरंभी चांगली दिसते. आतील तेल दिसत असल्याने ती पसंतही पडते. परंतु प्लास्टिकला मऊपणा देणारे द्रव्य डिझेल हळूहळू काढून घेते. नळी पिवळी व काठीसारखी ताठ होऊन इंजिनाच्या हादऱ्याने तोंडापाशी तडकते. साध्या रबराची गत उलट होते. ते तेल पिऊन फुगते व भुसभुशीत होते, आणि त्याचे कण गाळणीत अडकतात. फुटलेल्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याचा उपाय याच कारणाने टिकत नाही.

डिझेलकरिता आतून नायट्राइल रबर, मध्ये धाग्याची वीण व बाहेर ऊन सोसणारे आवरण असलेली नळी घ्यावी. चांगल्या नळीवर ‘एसएई जे 30 आर 7’ अशी खूण छापलेली असते. इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल वाहनास ‘आर 9’ प्रतीची नळी लागते. नुसत्या ‘ऑइल पाइप’ या नावावर विसंबू नये.

तेलइंजिनाची टाकी बहुधा उंचावर असते, त्यामुळे नळी फुटल्यास तेल ठिबकताना दिसते. थेंबांखाली वाटी ठेवावी. तासात 100 मिलिलिटर साचल्यास दहा तासांत एक लिटर डिझेल मातीत गेले असे समजावे. ट्रॅक्टरमध्ये मात्र फीडपंप तेल ओढून घेतो. तेथे नळीस बारीक चीर पडली तर बाहेर थेंबही न दिसता आत हवा शिरते व इंजिन धापा टाकून थांबते. मग निष्कारण फ्युएल पंप खोलला जातो. असा खर्च झालेला आम्ही पाहिला आहे. दोष टाकीजवळच्या नळीत होता.

पेट्रोलवरील फवारणी यंत्रे व जुन्या मोटारसायकली यांबाबत विशेष दक्षता हवी. 2023 पासून 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आहे, आणि जुन्या प्रतीचे काही रबर त्यात लवकर खराब होते. नळीचा बोटभर तुकडा त्याच पेट्रोलमध्ये, झाकण लावलेल्या बाटलीत, चुलीपासून दूर आठवडाभर ठेवून पाहावा. तो ठळकपणे लांबला किंवा चिकट झाला तर ती नळी नाकारावी. टाकीच्या आत बुडणारी नळी निराळी असते. तिच्या बाहेरील बाजूसही पेट्रोल सोसले पाहिजे.

बसविताना नळीचे भोक निपलच्या मापाचेच असावे. ढिली नळी तारेने आवळली की तार रबरात रुतते. त्याऐवजी क्लिप वापरावी. नळी सायलेन्सरला टेकू देऊ नये व हादऱ्यापुरती सैल ठेवावी. फ्युएल पंपापासून इंजेक्टरपर्यंतची नळी पोलादीच असते. तिच्या जागी रबरी नळी कदापि लावू नये, आणि तिची गळती बोटाने तपासू नये. त्या दाबाचा फवारा कातडीत घुसतो.

हातभर जादा नळी व दोन क्लिपा अवजारांच्या पेटीत असू द्याव्यात. केवळ तेवढ्याकरिता किनवट गाठायचे म्हणजे पाण्याचा दिवस मोडतो.