मृगापूर्वीची डागडुजी : हातची आणि हाताबाहेरची

महाराष्ट्रात घराच्या दुरुस्तीचे वेळापत्रक पंचांगानेच आखून दिलेले आहे. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि त्यापूर्वी छप्पर, भिंती, पन्हळी व परसातले चर ठीकठाक झाले नाहीत, तर पुढले चार महिने त्यांना नीट हात लावता येत नाही. कोकणात पावसाळ्याच्या या तयारीला ‘आगोट’ असे स्वतंत्र नावच आहे. लाकूडफाटा, मीठमिरची आणि धान्य भरून ठेवण्याइतकेच घर शाकारणे हेही आगोटीचे काम मानले जाते.

पूर्वी ही कामे एकट्या घरधन्यावर पडत नसत. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार गावातच असत आणि वर्षाकाठच्या धान्याच्या मोबदल्यात दार, दांडा, कौल यांची दुरुस्ती करून देत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त वर्णिलेली ही व्यवस्था, तिच्यातील विषमतेसह, मागे पडली, हे योग्यच झाले. तथापि तिच्या जागी किरकोळ दुरुस्तीची दुसरी सोय मात्र सर्वत्र उभी राहिली नाही. कुशल कारागीर तालुक्याच्या वा शहराच्या ठिकाणी बांधकामावर जातो. चार कौले बदलण्यासाठी किंवा एक तोटी घट्ट करण्यासाठी दिवस मोडणे त्याला परवडत नाही. परिणामी लहानसा बिघाड तसाच राहतो आणि मोठा झाल्यावरच त्याची दखल घेतली जाते.

यास्तव घरातील बरीचशी डागडुजी घरातल्यांनीच करावी, हे ओघाने येते. मात्र यात दोन प्रकारच्या चुका संभवतात. जे सहज करता येईल ते न करणे ही पहिली. तिची किंमत पैशांत मोजता येते. जे आपण करू नये ते करावयास जाणे ही दुसरी, आणि तिची किंमत प्रसंगी जिवानेच चुकवावी लागते.

छप्पर

कौलारू घराची गळती शोधण्याची उत्तम वेळ पावसाची नसून भर दुपारच्या उन्हाची होय. दारे-खिडक्या लावून घेऊन आतून वर पाहिले असता जिथे उजेडाचा ठिपका दिसतो, तिथे कौल फुटलेले किंवा सरकलेले असते. त्या जागेखाली जमिनीवर खडूने खूण करावी. पावसात पाणी जिथे टपकते ती जागा मात्र फसवी असते. फटीतून शिरलेले पाणी वाशावरून उतरत दोन-तीन हात खाली येऊन ठिबकते. म्हणून दोष नेहमी आढ्याच्या बाजूस, म्हणजे चढावर शोधावा.

नळीची गावठी कौले उलटसुलट लावलेली असल्याने ती सरकतात लवकर आणि बसवताही येतात लवकर. मंगळूर येथे १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तिथून पश्चिम किनाऱ्यावर ‘मंगलोरी’ कौलांचा प्रसार झाला. ही कौले खाचेत खाच अडकवून बसतात. फुटलेले कौल काढताना वरच्या ओळीतील कौल दोन्ही हातांनी अलगद उचलून धरावे, खालचे ओढून घ्यावे आणि नवे सरकवून त्याची टाच रिपेवर बसल्याची खात्री करून घ्यावी. कौलावर पाय देऊन चढणारा माणूस एक कौल बदलतो आणि चार फोडतो. (वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत हा हिशेब वेगळ्याने सांगावा लागत नाही.) एक फुटके कौल आज लहान वाटते, पण त्याखालचा वासा दोन पावसाळे भिजला, की कुजतो, वाळवी धरतो, आणि मग प्रश्न एका कौलाचा राहत नाही.

पत्र्याच्या छपरात गळतीचे मूळ बहुधा खिळ्याच्या भोकाशी असते. पत्र्याच्या नागमोडी वळणांतील खोलगट भागातून पाणी वाहते. म्हणून खिळा वा हुक बोल्ट नेहमी उंचवट्यावर मारावा आणि त्याखाली डांबरी अथवा रबरी वॉशर घालावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे कापल्याने किंवा घासल्याने उडणारी धूळ फुप्फुसांना घातक ठरते. शिवाय हे पत्रे वयोमानाने ठिसूळ होतात. वरून धड दिसणारा पत्रा माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतो व माणूस थेट खाली जमिनीवर आदळतो. अशा छपरावर अननुभवी व्यक्तीने चढूच नये.

शिडीचाही एक सोपा नियम आहे. चार हात उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. तिचा माथा दोरीने बांधावा आणि खाली एकाने शिडी धरून उभे राहावे.

भिंत आणि तिच्या पायाशी येणारे पाणी

भिंतीची ओल म्हणजे गिलाव्याचा दोष, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक वेळा दोष पायाशी असतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या छपरावरून २५ मिलिमीटरच्या एकाच सरीत १,२५० लिटर पाणी पागोळ्यांवाटे घराच्या दोन्ही अंगांस कोसळते. तिथली जमीन घराकडे उतरती असेल, तर हे पाणी जोत्यात मुरते. तेव्हा वळचणीखालच्या जमिनीला घरापासून दूर उतार देणे, पन्हळीतला पालापाचोळा काढणे आणि पागोळीखाली खडी पसरून चर खणणे ही कामे गिलाव्याच्या आधी करावयाची आहेत. त्यांना कुदळ आणि फावडे यांखेरीज काही लागत नाही.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची हौस मात्र आवरावी. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर ती सोडू देत नाही. आत साठलेल्या ओलीने काही काळाने गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि जाताना भिंतीची मातीही बरोबर नेतो. अशा भिंतीला भुसा वा तूस घालून कुजवलेल्या मातीचा लेप आणि वर चुना हाच खरा इलाज होय. आजी-पणजीच्या हातचे हे काम मागासलेले नव्हते. विटांच्या भिंतीत सिमेंट वापरावयाचे असेल, तर अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे आणि काम झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारावे. पाणी मारण्यातला आळस हे घरगुती सिमेंटकाम फुकट जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

हातची कामे जिथे संपतात, ती सीमाही भिंतच दाखवते. केसासारखी बारीक भेग बुजवता येते. परंतु दगडी भिंतीला पोट सुटले असेल, दोन भिंतींच्या कोपऱ्यात वरून खालपर्यंत फट पडली असेल, किंवा स्लॅबचे सिमेंट गळून आतली गंजकी सळई दिसू लागली असेल, तर त्यावर गिलावा चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

याची भीषण प्रचीती ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती प्रामुख्याने स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. माळवद गळू नये म्हणून त्यावर पुन्हापुन्हा माती टाकण्याची पद्धत होती. दुरुस्ती म्हणून टाकलेल्या प्रत्येक थराने डोक्यावरचे ओझे वाढत गेले. भिंतींच्या आतील व बाहेरील दगडांना एकत्र बांधणारे आरपार दगड पुरेसे नव्हते; त्यामुळे हादऱ्यासरशी भिंती उभ्या उकलल्या. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन प्रकल्पात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज दूरवरच्या असंख्य गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच, शासकीय अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली करावे, असे धोरण स्वीकारण्यात आले. घर घरमालकाने सांभाळावे. पण कोणत्या भिंतीला काय करावयाचे, हे जाणकाराने सांगावे, अशी ती विभागणी होती. मराठवाड्यात आजही ज्या घरांवर माळवद आहे, तिथे मृगापूर्वी माती चढवण्याऐवजी जुनी माती उतरवून थर पातळ कसा करता येईल, याचा सल्ला पंचायत समितीच्या अभियंत्याकडून घेणे अगत्याचे आहे.

तोटी

सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दिवसाचे ८६,४०० थेंब आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दररोज सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर पाणी वाया जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. म्हणजे एका गळक्या तोटीतून एका माणसाचे जवळजवळ महिन्याचे पाणी वाहून जाते. दुष्काळी तालुक्यात हा हिशेब शाळेच्या फळ्यावर मांडण्याजोगा आहे.

साध्या पितळी तोटीत दुरुस्ती असते ती रबरी वॉशरची. मागची चावी बंद करावी, तोटीचा वरचा भाग पान्याने उलगडावा, झिजलेला वॉशर काढून त्याच मापाचा नवा घालावा, आणि आटे बसवताना त्यांवर दोऱ्याचे किंवा टेफ्लॉन फितीचे चार वेढे द्यावेत. दहा मिनिटांचे काम आहे. चावी जोर लावून आवळत राहणे हा मात्र उपाय नव्हे; त्याने वॉशर तर चिरडतोच, शिवाय आतली बैठकही खराब होते.

वीज

इथे सीमा फार जवळ आहे, आणि ती ओलांडण्याचा मोह सर्वांत जास्त. मुख्य बटण बंद करून दिवा बदलणे, वितळलेल्या फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार घालणे, एवढेच घरच्या माणसाचे काम. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालणारे आपल्या घराचा पहारेकरीच बांधून ठेवतात. तार वितळावी हाच तर तिचा उपयोग. बाकीची वायरिंग, मीटरपेटी आणि अर्थिंग ही परवानाधारक कारागिराची कामे आहेत. खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेला कोणीही हात लावू नये.

पावसाळ्यात जीव घेणारी एक गोष्ट दुरुस्तीच्या यादीत सहसा नसते : कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार. ती पत्र्याला वा विजेच्या आधाराच्या खांबाला बांधलेली असते. कुठेतरी वायरचे आवरण झिजते, पत्र्यात वीज उतरते आणि ओले कपडे टाकायला गेलेल्या गृहिणीला धक्का बसतो. सोडवायला धावलेल्या दुसऱ्या माणसाचाही प्राण गेल्याची उदाहरणे घडतात. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधणे हे पाच मिनिटांचे काम विजेचे कोणतेही ज्ञान नसणारा करू शकतो. जोडीला ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे गळतीरोधक उपकरण परवानाधारकाकडून बसवून घ्यावे आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

परस

परसबागेची बहुतेक डागडुजी अवजारांची असते. कुदळीचा दांडा ढिला झाला, की ती पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. लाकूड फुगून दांडा बसतो खरा, पण वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक ढिला होतो, कारण फुगताना त्याचे तंतू दबलेले असतात. टणक लाकडाची पाचर ठोकणे हा टिकाऊ उपाय. मोरीचे सांडपाणी चराने अळू-केळीला द्यावे. उरलेल्यासाठी एक मीटर लांबी, रुंदी व खोलीचा दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा विहीर वा हातपंपापासून दूर खणावा. जुन्या शोषखड्ड्यात पाणी तुंबू लागले असेल, तर दगड काढून, धुऊन, पुन्हा भरावेत. तेही पावसापूर्वीच.

अवजारांचा संच

दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हाती यावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. खडकाळ भागातील विंधनविहिरींसाठी जालना आणि सोलापूर येथे मजबूत हातपंप घडविण्यात आले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. पुढे ‘मार्क तीन’ आला. त्यात विहिरीतले नळ वर न काढता खालची झडप बाहेर घेता येते. गावातल्या माणसांना मोजक्या अवजारांनी दुरुस्ती करता यावी, म्हणूनच ही रचना करण्यात आली.

घराच्या बाबतीत अडचण बहुधा अवजारांचीच असते. वर्षातून दोनदा लागणारा पाईप पाना प्रत्येक कुटुंबाने विकत घेणे व्यवहार्य नाही. ग्रामपंचायतीने पाईप पाना, पक्कड, हातोडा, करवत, पटाशी, थापी, ओळंबा, एक भक्कम शिडी व दोर असा संच घेऊन तो शाळेत ठेवल्यास, वाचनालयातील पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन तो घरोघर देता येईल. कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी शाळेचीच तोटी उघडून पाहावी, शाळेच्याच छपरातले उजेडाचे ठिपके मोजावेत. छपरावर चढणे मात्र मोठ्यांकडे ठेवावे. नोंदवहीत अवजार नेणाऱ्याचे नाव व तारीख यांबरोबर ‘काय दुरुस्त केले’ असा आणखी एक रकाना असावा. एप्रिलअखेर तो चाळला, की यंदा गावात कौले किती मागवावयाची आणि कोणत्या घराकडे अभियंत्याला आधी न्यावयाचे, हे ग्रामसभेपुढे मांडता येते.