‘मी कोण?’ : मुलांसोबत खेळायचा खेळ

तायांनो, मुलं थोरांच्या जन्मतारखा पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खेळातून कळलेलं मात्र लक्षात राहतं. बैठकीनंतर पंधरा मिनिटं काढा. कागदाच्या चिठ्ठ्या पुरेत.

कसं खेळायचं? एकाने चिठ्ठी उचलायची, नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी दहा प्रश्नांत ओळखायचं. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

पहिली नावं आपल्या भागातली घ्या.

विनोबा भावे : जन्म १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. आईला संस्कृत गीता कळत नव्हती. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी मराठीत ‘गीताई’ लिहिली.

सी. डी. देशमुख : बालपण रोह्यात. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. इथे गटाचं पासबुक दाखवा, नोटेवरची सही दाखवा. ही बँक काय करते ते सांगा.

दुर्गाबाई देशमुख : यांची ओळख ‘सी. डी. यांच्या पत्नी’ एवढीच देऊ नका. त्या संविधान सभेत होत्या, १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. चिठ्ठ्यांत बाईचं नाव नसेल, तर मोठं काम पुरुषच करतात असं मुलींना वाटत राहतं.

नाव ओळखलं की विचारा, “यांचं काम आज आपल्याला कुठे दिसतं?” उत्तर चुकलं तरी हसायचं नाही. ऐकीव गोष्ट निघाली, तर शाळेत बाईंना विचारून खात्री करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक मुलाने खांबमधल्या एका कर्तबगार बाईची चिठ्ठी स्वतः लिहून आणायची. आधी तिला भेटून विचारायचं, मगच लिहायचं.