सहीची मुदत आणि सहीखालचा माल



ऊस विकासाच्या पानावर संगणकाचा पाठ कशाला, असे काहीजण म्हणतील. पण नोंदी, बिले, निविदा सगळे आता संगणकावर आले, आणि "सर्टिफिकेटची मुदत संपली" असे कचेरीत कानावर पडते. म्हणजे नेमके काय संपले? जावा ॲपलेटवरून हे चांगले समजते.

जावा ही भाषा अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टीम्स कंपनीने १९९५ साली बाहेर आणली. ॲपलेट म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरून येऊन आपल्या ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम. परका गडी म्हणून त्याला ओसरीवरच ठेवीत, घरातल्या फायलींना हात लावू देत नसत. आत घ्यायचा तर ओळख हवी. ती ओळख म्हणजे डिजिटल सही. ॲपलेटच्या फायलींचा एक गठ्ठा बांधतात, त्याला जार म्हणतात. 'जारसाइनर' या साधनाने त्यावर गुप्त किल्लीने सही करायची, आणि सही कोणाची हे सांगणारे सर्टिफिकेट सोबत द्यायचे. नंतर आतल्या फायलीत एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. मात्र सही आहे म्हणून प्रोग्रॅम चांगलाच, असे नव्हे. बेणे कोणाच्या मळ्यातले हे कळले म्हणून त्यात काणी नाही असे कोण म्हणेल?

आता मुदतीचे. आपल्या वजनकाट्यावर वजनमापे खात्याची मुद्रा असते, तिलाही मुदत असते. ती संपली म्हणून मागच्या हंगामाच्या पावत्या खोट्या ठरतात काय? नाही. पावतीवर तारीख आहे आणि त्या दिवशी मुद्रा चालू होती. तारीखच नसती तर मात्र भांडण होते. जारचेही तसेच. सही करतानाच त्रयस्थ संस्थेचा वेळेचा शिक्का घेतला, तर सर्टिफिकेट संपल्यावरही त्या शिक्क्याची स्वतःची मुदत असेपर्यंत सही ग्राह्य राहते. ही सोय २००४ च्या जावा ५ पासून आहे. शिक्का त्रयस्थाचाच का? आपल्या संगणकाचे घड्याळ आपल्याला मागे करता येते म्हणून!

इथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. नवे सर्टिफिकेट आणले म्हणून शिक्का नसलेले जुने जार आपोआप सुधारत नाहीत. त्यांवर पुन्हा सही करून ते पुन्हा वाटावे लागतात. म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच कामाला लागावे. स्वतःच स्वतःला दिलेले सर्टिफिकेट तर, मुदत सांगितली नाही तर, ९० दिवसांचेच निघते. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या जावा ७ च्या ५१ व्या अपडेटपासून अशा सहीचे ॲपलेट नेहमीच्या सुरक्षा-पातळीवर अडवलेच जाऊ लागले.

पुढे ब्राउझरांनी ॲपलेटला दार बंद केले. २०१८ च्या जावा ११ मधून तर त्याचा प्लगइनच काढला. जारवर सही करण्याची पद्धत मात्र चालूच आहे.

निविदा भरणाऱ्या सभासदांच्या टोकनमध्येही असेच मुदतीचे सर्टिफिकेट असते. संपलेल्या टोकनाने नवी निविदा भरता येत नाही. तेव्हा आजच टोकनाची तारीख पाहून डायरीत लिहून ठेवा.